दगडीपाल्याचं वर्तुळ

एमएस्सीला मी, गावाकडे जखमेवर चोळतात त्या दगडीपाल्याच्या अर्कावर प्रबंध केला होता. जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जंतू मेले असतील तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. माझ्या ताटलीत दिसलं. बाबांनी त्याचा फोटो फ्रेम करून पुण्याच्या घरी हॉलमध्ये लावला आणि येईल त्याला दाखवत सुटले. दुसऱ्या एका ताटलीत मी पानांच्या नुसत्या रसाची चकती ठेवली होती. तिच्याभोवती काही म्हणजे काही नव्हतं. गुण आला होता तो अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काला. हे मी प्रबंधात लिहिलं, बाबांना सांगितलं नाही. माणूस इतका खूश, कशाला विरजण घालायचं?

गेल्या वेट सीझनमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, ते आमच्याकडे ऑस्ट्रेलियात डार्विनला आले. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतूच बघते, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं: पावसात इथल्या मातीतून एक वाईट जंतू वर येतो, तुम्हाला डायबिटीस आहे, अनवाणी अंगणात जायचं नाही. ते हो म्हणाले. दोन दिवसांनी कुंपणाशी दगडीपाला सापडला म्हणून हरखून सांगत आले. मीही हसले. एवढी शिकलेली बाई, आणि नुसती हसले.

पुढच्या आठवड्यात माझी मुलगी नाक मुरडत म्हणाली, "आई, आजोबाज फूट स्मेल्स फनी." मी त्यांना मोजा काढायला लावला. तळव्याला पत्रा लागून झालेली जखम होती आणि तिच्यावर वाळलेला हिरवा लगदा. रोज पाला चुरगळून रस पिळत होते. मी चिडले. मला का नाही सांगितलंत, म्हणून ओरडलेसुद्धा.

"तुला शिफ्टला उशीर होतो," ते म्हणाले. "आणि औषध तर तुझंच आहे."

त्यांच्या जखमेचा नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. मला हात लावायची परवानगी नव्हती, पण सहकाऱ्याच्या खांद्यावरून मी ताटली पाहिली. जंतू काठोकाठ वाढले होते. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरूच होतं. पाय गुडघ्याखाली कापला, तरी उशीर झाला होता. जंतू रक्तात गेला होता.

ते शुद्धीवर होते त्या शेवटच्या दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. इथल्या मातीतला पाला कमअस्सल असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. माझ्यावर संशय नव्हताच. तरी एकदा खात्री करून घ्यावी, तसं विचारलं, "फोटोतलं वर्तुळ खरं होतं ना गं?"

मी हो म्हणाले. त्यांनी समाधानानं डोळे मिटले आणि मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्या ताटलीचं तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.