ताईंना असं म्हणायचं आहे

"ताईंना असं म्हणायचं आहे, की आदिवासी महिलांचा लोकशाहीतला सहभाग आज कसा वाढवता येईल?"

मला असं म्हणायचं नव्हतं.

पण माईक सरांच्या हातात गेला होता. आमच्या इतिहास विभागाचे सर. मंचरच्या कॉलेजचा हॉल भरलेला, स्टेजवर विद्यापीठातून आलेले वक्ते, आणि पहिल्या रांगेत मी उभी. हात अजून माईक धरल्यासारखाच वर.

मी विचारलं होतं ते असं. शब्दाला शब्द.

"सर, तुमी म्हणालात, जुन्या गावसभेत समदं गाव एकत्र बसायचं. मंग आमची माणसं कुठं बसायची? आन् निर्णय आमाला इचारून व्हायचा, का आमाला सांगून?"

'समदं' म्हटल्याबरोबर मागून कुणीतरी तसंच नाकात म्हणालं, "समदंऽ." हशा झाला. सर हसतच पुढे आले, माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि माझा प्रश्न शुद्ध करून टाकला.

वक्ते म्हणाले, "वा! फार सुंदर प्रश्न. आणि ही बोली ऐका, काय गोडवा आहे! ही जपली पाहिजे."

टाळ्या. त्या गोडव्याला होत्या.

मग ते सरांच्या प्रश्नाचं उत्तर देत बसले. बचत गट, शिक्षण, जागृती. सरांनी तळहात खाली दाबून मला खूण केली. मी बसले.

खरं तर मला आधीपासूनच संशय होता. आम्ही महादेव कोळी. आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगरात आमचं गाव. भात, नाचणी, आणि हंगामात हिरडा. तिथून येऊन मी मंचरला एम.ए. करते. दोन वर्षांत सरांनी मला नावानं हाक मारली नव्हती. आणि व्याख्यानाच्या आदल्या दिवशी एकदम म्हणाले, "तू पहिल्या रांगेत बस. एखादा प्रश्नही विचार. आणि तुमच्याकडची साडी नेसून ये, गुडघ्यापर्यंतची." का, असं मी विचारलं. "फोटोत बरं दिसतं." विषय होता आपला इतिहास आणि लोकशाहीची आजची स्थिती. त्यात माझी साडी कुठे बसते, मला कळेना. मी रोजच्या पंजाबी ड्रेसवर गेले. सरांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

व्याख्यान चांगलं होतं. खोटं कशाला बोलू. वक्ते जुन्नरच्या लेण्यांबद्दल बोलले, तिथे दान देणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल, कारागिरांबद्दल. मग गावसभेवर आले. "लोकशाही आपण बाहेरून आणलेली नाही. ती आपल्या मातीतच होती. सगळं गाव एकत्र बसायचं, सगळ्यांच्या मतानं ठरायचं." सगळे माना डोलवत होते. मी 'सगळं गाव' या दोन शब्दांपाशीच अडकले. सगळं म्हणजे कोण कोण?

म्हणून उठले. मला पुस्तकी मराठी येते. पेपर तिच्यातच लिहिते. पण उभी राहिले, आणि तोंडात आली ती घरची.

शेजारी प्राची होती. माझी वर्गातली मैत्रीण. मंचरच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मूळचे राजस्थानकडचे जैन, पण तिची मराठी अशी, की कुणी माईक काढून घेणार नाही. ती कुजबुजली, "जाऊ दे ना. सरांनी चांगल्या मनानंच केलं. माझे आजोबा इथे आले तेव्हा त्यांच्या मराठीलाही लोक हसायचे."

"मग आत्ता तू कशाला हसलीस?"

तिनं मान वळवून स्टेजकडे बघितलं.

शेवटी सरांनी पुकारलं, "डोंगरातून येऊन इतका छान प्रश्न विचारणाऱ्या आपल्या आदिवासी भगिनीचा पाहुण्यांच्या हस्ते सत्कार." फोटोवाला पुढे सरकला. मी स्टेजवर गेले. वक्त्यांनी पुष्पगुच्छ पुढे केला.

मी हात पुढे केला नाही. समोर उभा माईक होता. त्यात म्हणाले, "माझा प्रश्न राह्यलाय. सरांनी इचारला तो माझा न्हवता."

सरांनी माईकवाल्याकडे बोट केलं. आवाज गेला. मी माझा प्रश्न तोंडानंच पुन्हा विचारला. मोठ्यानं. आमची माणसं कुठं बसायची? इचारून, का सांगून?

वक्त्यांचा हात गुच्छासकट तसाच राहिला. मग हळू म्हणाले, "बेटा, इतिहासात सगळ्याच गोष्टींची नोंद सापडत नाही."

"मंग समदं गाव बसायचं, हे तुमी कशावरनं सांगितलं?"

त्यांनी गुच्छ टेबलावर ठेवला. सर बोलले. स्वतःच्या हातात माईक घेऊन, "चहाची सोय बाहेर केलेली आहे." खुर्च्या सरकल्या. माणसं चहाला गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"पाहुण्यांना फोन लावून देतो. माफी माग."

"काय म्हणू?"

"मी सांगतो तसंच म्हण."

इथेही वाक्य त्यांचं आणि तोंड माझं. कालपर्यंत मला वाटत होतं, माझी बोली सरांना नीट कळली नसेल. त्या केबिनमध्ये उभी असताना कळलं. माझी भाषा त्यांना नीट समजली होती. समजली होती म्हणूनच बदलली.

"सर, मी बोलणार न्हाई."

"तुझ्या प्रबंधाचे गुण माझ्या हातात आहेत, माहीत आहे ना?"

"माहिती हाय."

गुण पडायचे तसे पडले. पास झाले एवढंच. प्राचीनं एकदा विचारलं, एका फोननं काय बिघडलं असतं? तिला काय सांगू. तिच्या तोंडून दुसरं कुणी कधी बोललेलं नाही.

उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा ग्रामसभा होती. पाण्याची टाकी कुठे बांधायची, ते ठरायचं होतं. आमच्या वाडीला सोडून खालच्या आळीत बांधायचं जवळजवळ ठरलंच होतं. आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठली. दोन शब्द बोलली, अडखळली. ग्रामसेवक लगेच म्हणाले, "मावशींना म्हणायचंय की टाकी लवकर व्हावी."

मी उभी राहिले. "भाऊ, थांबा. तिला काय म्हणायचंय ते ती म्हणल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा. 'तूच सांग की,' असं तिच्या डोळ्यांत. माझ्याकडे वाक्य तयार होतं. शुद्ध, मुद्देसूद, एम.ए. झालेलं. आणि मला माझाच संशय आला. सरही असेच पुढे आले होते. हसत, मदतीला.

मी खाली बसले. तोंड मिटून घेतलं. आईला वेळ लागला. लागू दिला. शेवटी तिनंच सांगितलं, टाकी वाडीला का हवी ते.

टाकी कुठे होईल ते अजून ठरलेलं नाही. भांडण चालू आहे. पण आता कुणी गोड बोलून माझ्यापुढे हात केला, की मी आधी बघते, त्या हाताला काय काढून घ्यायचंय. माझ्या वतीनं मी कुणाला बोलू देणार नाही. आणि शिकले म्हणून, माझ्या माणसांच्या वतीनं मीही बोलणार नाही.