मृण्मयी म्हणाली

दहावीच्या क्लासबाहेर पोरांची वाट बघत उभ्या राहणाऱ्या आयांना किस्से शोधावे लागत नाहीत. जळगावात आमच्या पोरांचा क्लास साडेसातला सुटतो आणि आम्ही तिघी सातपासूनच गेटवर स्कूटीला टेकून हजर. अर्ध्या तासात एवढं साचतं की घरी गेल्यावर तेच आठवत भाजी करपते!

तिघी म्हणजे मी, सुरेखा आणि वैशाली. वैशालीची मृण्मयी ही माझ्या सईची जिवलग मैत्रीण. आधीच सांगून टाकते, या मायलेकींवर मी जळते. थोडीथोडकी नाही, चांगली पोटात दुखेपर्यंत!

*

"केसांना तेल लाव," हे मी सईला तीन वर्षं सांगत होते. उत्तर ठरलेलं, "ई, चिपचिपीत!"

एका रविवारी बाईसाहेब स्वतःच बाटली घेऊन माझ्यापुढे बसल्या. मला भरूनच आलं. म्हटलं, "पटलं ना शेवटी आईचं?"

"नाही गं. मृण्मयी म्हणाली, तेलाने केस दाट होतात."

त्या दिवशी मी जरा जोरातच चोळलं.

*

सुरेखाचं दुःख वेगळं. तिच्या मिस्टरांची, म्हणजे भाऊंची, रावेरकडे केळीची बाग. आणि मुलगा ओंकार दोन वर्षं केळं तोंडात घालेना. ग्रुपमध्ये म्हणे कुणीच खात नाही, ते 'गावठी' असतं!

मग त्याच ग्रुपमधल्या एकाने जिम लावली. दुसऱ्या दिवसापासून ओंकार रोज चार केळी खायला लागला. वर भाऊंनाच शिकवतो, "पप्पा, केळ्यात पोटॅशियम असतं, माहीत आहे का?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "नाही रे बुवा. मी आपला अडाणीपणाने लावत बसलो!"

*

माझे वडील, नाना, धुळ्याला असतात आणि अहिराणीत बोलतात. मैत्रिणींसमोर त्यांचा फोन आला की सई तो कापायची. मी समजावलं, रागावले, रडून पाहिलं.

मृण्मयीने एकदा तो फोन उचलला आणि नानांच्या बोलण्यावर फिदाच झाली! आता सगळ्या पोरी रोज त्यांना व्हिडिओ कॉल करतात. मी फोन केला की नानांचा नंबर बिझी!

मी तक्रार केली तर म्हणाले, "मी काय करस माय? पोरी बोलतस, मी आयकस."

*

एकदा न राहवून वैशालीला विचारलंच, "तुला बऱ्या सगळ्या पोरी मनातलं सांगतात?"

"मी काही विचारतच नाही गं," म्हणाली. केवढं सोज्वळ हसली!

मग मीही ठरवलं, विचारायचं नाही. सई शाळेतून आली. मी गप्प मटार सोलत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सई हळूच जवळ आली. मला वाटलं, आली वेळ!

"आई, बाबांशी भांडलीस का?"

*

हा किस्सा मात्र मला झोंबला. सगळी गँग क्लास बुडवून भुसावळला पिक्चरला निघाली. मृण्मयी तापाने घरी होती. सई स्टँडपर्यंत गेली, तिथे तिचं धाबं दणाणलं आणि तिने फोन लावला. कुणाला? वैशालीला! "काकू, मला घ्यायला या. आईला सांगू नका, ती चिडेल."

वैशालीने दुसऱ्याच दिवशी गेटवर मला सगळं सांगितलं. वर म्हणते, "मनाला लावून घेऊ नको हं."

लावून कसं नाही घेणार? माझी मुलगी, माझी स्कूटी घरात, आणि आणायला ही! पण सईला मी एका शब्दाने विचारलं नाही. समजूतदारपणा वगैरे काही नाही. वैशालीकडून कळलं हे कबूल करायला जीभ वळेना.

*

डिसेंबरात सुरेखाच्या शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. ती लाकडी बडगीत कुटायचं काम मी मागून घेतलं. वैशालीभोवती पोरींचा गराडा पडला होता, तो बघण्यापेक्षा वांगी कुटलेली बरी! असा ठोक्यावर ठोका घातला की कुणाशी बोलायचं कामच नको.

मृण्मयी येऊन शेजारी बसली. वांग्यांची देठं काढता काढता म्हणाली, "काकू, सगळ्या सायन्स घेताहेत म्हणून मीपण घेते म्हटलं. मला नाही घ्यायचं. आता ग्रुपमध्ये कसं सांगू?"

माझा हात थांबला. "अगं, अजून फॉर्म कुठे भरलाय? आईला सांगितलंस?"

"आई गेटवर सगळ्यांना सांगते हो! सई म्हणाली, माझ्या आईला सांग. तिला स्टँडचं सगळं कळलं होतं, तरी ती एक शब्द बोलली नाही."

मी सईला शोधलं. ती लांब बांधावर उभी राहून आमच्याकडेच बघत होती.

मृण्मयी उठून गेली तशी वैशाली लगबगीने आली. जाळाकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काय गं, काय म्हणाली मृण्मयी?"

मी बडगीत एक दणका घातला.

"मीठ कमी आहे म्हणाली!"