आमचे उंदीर घड्याळ सोडेनात

लॅबमधले किस्से साठायला प्रयोग यशस्वी व्हावा लागत नाही. फसला की जास्त साठतात. माझ्याकडे सध्या प्रबंधापेक्षा किस्सेच जास्त आहेत.

माझा पीएचडीचा विषय नॉक्टर्निन. शरीरातल्या आरएनएचे तुकडे करतं असं बरीच वर्षं मानलं गेलेलं एन्झाइम. उंदरांमध्ये ते रात्री वाढतं. ज्या उंदरांमध्ये ते नसतं, ते तुपकट खाऊनही बारीकच राहतात.

हे राहात्याच्या मामांना सांगितलं. त्यांनी लगेच आणखी एक पुरणपोळी वाढून घेतली.

"तू कर औषध तयार. तवर आमी सराव करतो."

*

आरएनए भलताच नाजूक. हाताच्या घामानेही त्याची वाट लागते, म्हणून ग्लोव्ह्ज. माझा लॅबमधला जोडीदार सागर नेमाने घालतो. मग त्याच ग्लोव्ह्जनी मोबाईल घेतो, नाक खाजवतो आणि माझी ट्यूब उचलतो.

सगळी सँपल्स गेली. मी ओरडले, तर म्हणाला, "अगं, ग्लोव्ह्ज घातलेत की!"

*

संस्थेचे चेअरमनसाहेब लॅब बघायला आले. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. ते शांतपणे मान डोलवत होते, मला भरून आलं.

"ते समदं ठीक हाय," ते म्हणाले. "आमच्या उसातले उंदीर कधी मरत्याल?"

*

आता खरं दुखणं. उंदरांना कायम अंधारात ठेवलं की त्यांचं शरीर स्वतःच्या घड्याळावर चालतं आणि बाहेरच्या वेळेपासून हळूहळू सरकतं. माझी पीएचडी त्या सरकण्यावर अडकलेली. आणि आमचे उंदीर सरकेचनात! रोज संध्याकाळी अगदी वेळेवर उठून चाक फिरवायला लागायचे.

माझे गाईड असलेले सर म्हणाले, कुठून तरी उजेड येतोय. मी खिडक्यांना काळा कागद लावला, दाराची फट बुजवली, "लाईट लावू नये" अशी पाटी लावली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ग्राफ तोच. मुदतवाढ संपत आली होती, सर बोलेनासे झाले होते, मला रडू यायचं.

शेवटी एका संध्याकाळी मी त्या खोलीबाहेरच बसून राहिले. झाडलोट करणाऱ्या मंदाताई आल्या, आत गेल्या, लाईटचं बटण दाबलं, पिंजऱ्यांसमोर हात जोडले आणि लाईट बंद करून बाहेर आल्या.

"मंदाताई, बाहेर पाटी आहे ना?"

"वाचली की. पर तिन्हीसांजंला मुक्या जिवाला अंधारात ठिवू न्हाई, मॅडम. तुमची पीएचडी व्हावी म्हनून तर लावते. रैवारी बी येऊन."