दलदल मनीषाने बघितली, खाडी माझ्यासाठी ठेवली

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत माझा डबा तसाच राहिला.

महिनाभर माझं एकच चाललं होतं. कोकणात जाऊन खाडीतली कांदळवनं होडीतून बघायची, की आत डोंगराकडचं गोड्या पाण्याच्या दलदलीतलं जंगल? कॅन्टीनमध्ये शेजारी बसणाऱ्या मनीषाला मी रोज दोन्हींचे व्हिडिओ दाखवायचे. ती नुसती "व्हय का?" म्हणायची आणि भाकरी मोडायची.

आमच्या भोसरीच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. एका गुरुवारी आम्ही दोघी कामावर आलो, त्याच्या बदल्यात एकेक सी-ऑफ मिळाला. तो पुढच्या गुरुवारला जोडला की सलग दोन दिवस हातात. पण माझं काही ठरेना. महिना संपला आणि माझा सी-ऑफ बुडाला.

आज मनीषाने मोबाइल पुढे केला. दलदलीतलं जंगल! चिखलातून वर आलेली मुळं, गुडघाभर पाणी आणि त्यात नवऱ्यासोबत हसत उभी असलेली ही बाई.

"आगं, तुझंच ऐकून गेलो आमी," ती म्हणाली. "खाडी तुझ्यासाठी ठेवलीय बघ."

ठेवलीय म्हणे!

खरं सांगते, कालपर्यंत माझं मन खाडीकडेच जास्त होतं. फोटो बघितले आणि मला दलदलच हवीशी झाली. तीही कमरेएवढ्या पाण्याची.

दुसऱ्याने आधी बघितली म्हणून एखादी जागा तुम्हाला कधी आवडायला लागलीय का? हो म्हणा हो कुणीतरी, म्हणजे आता तरी दोन घास जातील.