सोमवारची आनंदाची बातमी

आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये कामाआधी प्रत्येकाने एक आनंदाची बातमी सांगायची, अशी साहेबांची प्रथा. तिच्यापायी मला आजवर सात भाचे झालेत. बहीण मात्र एकही नाही.

परवा माझ्या शेजारचे सावंत उठले. म्हणाले, "बायको माहेरी गेली." छप्पर उडून तालुक्याबाहेर पडेल असा हशा! "मजा आहे बुवा!" साहेब ओरडले, "चला, पुढे कोण?"

बसता बसता सावंत पुटपुटले, "परत येणार नाही म्हणाली." ते फक्त मला ऐकू आलं. आनंदाच्या बातम्या ऐकायला बसलेल्या वीस माणसांत खरं बोलायला तेवढी जागा नसावी!

दुपारी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसलो. धीराचं काहीतरी बोलायचं होतं. जिभेवर आलं ते रोजचंच, "काय सावंत, आज डब्यात काय?"