पातेलंभर पोहे

बाजारात खजुराच्या पेट्या दिसायला लागल्या की माझं डोकं अजून तापतं. सोलापुरातल्या एका मुस्लिम वस्तीत आम्ही साखर तपासणीचं शिबिर लावलं होतं, तेही ऐन रमजानात, सकाळी दहाला. उर्दू शाळेच्या व्हरांड्यात पोह्यांचं पातेलं वाफाळत होतं, बाहेर उन्हाचे चटके बसत होते आणि मी नर्स, टेबलावर यंत्र मांडून बसले होते. तासाभराने एकच बाई लंगडत आली, साठीच्या पुढची. पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नव्हती. "घ्या की रक्त, पहाटेपासून उपाशीच हाय मी," म्हणत तिने बोट पुढे केलं. मी सुई उचलली, तेवढ्यात आमचे साहेब म्हणाले, "थांबा, या बाई पोहे खाणार का विचारा. दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचंय, फॉर्मवर दोन्ही रकाने भरावे लागतात." ती म्हणाली, "रोजा हाय साहेब, पाणीबी चालत न्हाय." "मग ईद झाल्यावर या." ती बोट मिटून उठली. अहो, एक थेंब पुरला असता! दुपारी आम्ही तिथेच बसून पोहे संपवले आणि साहेबांनी अहवाल सांगितला, मी लिहून घेतला: 'या समाजात आरोग्याबद्दल जागरूकता नाही.' ईदनंतर शिबिर दुसऱ्याच गावी, कुंभारीला गेलं होतं. साहेबांना मी आजही शिव्या घालते, पण त्या ओळीतलं अक्षर माझं आहे.