एकही ‘आपलं’ नसलेली खोकी

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत सगळे तिला मार्करताई म्हणत. कानामागे काळा मार्कर खोचून ती लोकांच्या घरात शिरे आणि प्रत्येक खोक्यापाशी एकच प्रश्न विचारी, “हे कुणाचं?” येईल ते उत्तर जसंच्या तसं खोक्यावर लिही. हमालांपासून मालकापर्यंत तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची बिशाद नव्हती, कारण तिच्या हातून आजवर साधी बशीही फुटलेली नव्हती.

नव्या जोडप्याचं सामान उतरवून झालं, की ट्रकमध्ये बसता बसता ती भविष्य सांगे. “टिकतंय,” नाहीतर “दोन वर्षं, फार तर.” आडाखा सोपा होता. ‘आपलं’ लिहिलेली खोकी जास्त, तर जोडी पक्की. ‘माझं’ जास्त, तर पुन्हा ट्रक लागणार. आणि लागायचाही! तेच गिऱ्हाईक, निम्मं सामान.

एकदाच ती सपशेल आपटली. एक बाई प्रत्येक खोक्याला म्हणत होती, “हे आपलं असंच, काहीबाही.” मार्करताईने ओळीने ‘आपलं’ लिहीत जोडी जन्माची ठरवून टाकली. सहा महिन्यांत दोघांची दोन घरं झाली. “पुढचं ‘असंच’ ऐकायला माझे कान कुठे गेले होते?” असं म्हणून तीच सगळ्यांत मोठ्याने हसली. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

मग तिच्या लेकीची पाळी आली. लेक शिवणकाम करायची आणि एका सुताराबरोबर संसार मांडणार होती. लग्नाच्या नोंदणीला चार दिवस उरले होते. सामान हलवायला तिने मुद्दाम आईलाच बोलावलं.

“आई, खरं सांगायचं हं. तू नाही म्हणालीस तर मी सही करणार नाही.”

आईने कानामागचा मार्कर काढला, पण लिहायला काही उरलंच नव्हतं. खोकी दोघांनी आधीच भरून ठेवली होती. एकतीस. सोळांवर ‘तिचं’, पंधरांवर ‘त्याचं’. ‘आपलं’ औषधालाही नाही.

नव्या घरापाशी ती खोकी उतरवू लागली. निम्मी उतरल्यावर थबकली. ‘माझं’ही कुठेच नव्हतं. मग हे ‘तिचं’ लिहिलं कुणी? तिने वाकून पाहिलं. सुताराच्या ठसठशीत अक्षरात होतं: ‘तिचं. कापडाचे नमुने. घडी मोडू नका, ती चिडते.’ शेजारच्या खोक्यावर लेकीचं तिरकं अक्षर: ‘त्याचं. जुना चष्मा. नवा हरवतोच, म्हणून हे आधी उघडा.’ एकतीसही खोकी तिने तपासली. प्रत्येकाने दुसऱ्याचंच सामान भरलं होतं.

लेक दारात उभी होती. “एकही ‘आपलं’ नाही. म्हणजे नाहीच टिकणार ना?”

तिचे बाबा सोडून गेल्याला पंचवीस वर्षं झाली होती, आणि आईने त्या संसाराचा विषय कधी काढला नव्हता. आज काढला.

“मी आणि तुझे बाबा राहायला गेलो, तेव्हा आमच्या सगळ्या खोक्यांवर ‘आपलं’ लिहिलं होतं.”

“मग?”

“सगळी मी एकटीने भरली होती. जा, सही कर.”